ती वाइन नुसती प्यायची नव्हतीच

खरं सांगते, कॅबर्ने सॉव्हिन्यॉन ही रेड वाइन पहिल्यांदा उघडली तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती. फ्रिजमधनं काढली, ग्लासात ओतली आणि नुसतीच प्यायला बसले, सोबत काही नाही, कारण डोक्यात असं होतं की वाइन आधी नीट चाखायची आणि जेवण मग. पहिल्याच घोटाला तोंड असं आकसलं की विचारू नका, कच्चं केळं चावल्यावर जीभ टाळूला खरखरीत लागते ना, अगदी तसं. बाटली खराब निघाली म्हणून बूच लावलं आणि दिली परत आत ढकलून.

बाटलीचं काही बिघडलं नव्हतं, चुका माझ्याच होत्या. एक म्हणजे गारठा. जड रेड साधारण १६ ते १८ अंशाला प्यायची, फ्रिजच्या ४-५ अंशाला तिचा वास पार बसून जातो आणि तुरटपणा तेवढा वर येतो. म्हणून ‘रूम टेंपरेचरला प्या’ हेही डोळे मिटून ऐकू नका, खोली ३० अंशाची असेल तर नाकात नुसतं अल्कोहोल चढतं.

दुसरी चूक मोठी, नुसती पिण्याची. त्या तुरटपणाचं नाव टॅनिन. द्राक्षाच्या सालीतनं, बियांतनं आणि ओकच्या पिंपातनं ते वाइनमध्ये उतरतं, आणि कॅबर्नेची द्राक्षं बारीक नि जाड सालीची, त्यामुळे हिच्यात भरपूर. हे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. म्हणजे पाहायला गेलं तर ती चव कमी आणि स्पर्श जास्त. (इंग्रजीत लोक ‘ड्राय’ म्हणतात आणि त्याचा खरा अर्थ गोडी नसलेली, मग सगळा गोंधळ. आपल्याकडे तुरट हा शब्द तयार आहे, विषय संपला.) आता त्या टॅनिनला चिकटायला दुसरं प्रोटीन दिलं, वर थोडी चरबी दिली, तर ते तुमच्या लाळेला सोडतं. स्टेकबरोबर कॅबर्ने म्हणतात ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी तीच बाटली दीड-दोन तास आधी बाहेर काढली आणि एका ताटलीत घरात होतं ते मांडलं. मुरलेल्या चेडारचा तुकडा तोंडात घेतला, अर्धवट चावून झाल्यावर, म्हणजे चीज जिभेवर पसरलेलं असतानाच, घोट घेतला. आईशप्पथ, वेगळीच वाइन! कालचा खरखरीतपणा कुठच्या कुठे, आणि त्याच्यामागे लपलेलं सगळं पुढे आलं, ब्लॅककरंट नावाचं काळं बोरासारखं फळ, पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो लाकडाचा वास, आणि अगदी शेवटी हिरव्या ढोबळी मिरचीची पुसटशी झाक. ही झाक घराण्यातनंच आलीय. कॅबर्ने सॉव्हिन्यॉन म्हणजे कॅबर्ने फ्राँ आणि पांढरी सॉव्हिन्यॉन ब्लाँ या दोन द्राक्षांची पोर, १९९७ साली डीएनए तपासून कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात हे सिद्ध झालं, आणि तो हिरवा वास दोघांतही सापडतो.

मग बटरमध्ये परतलेले मशरूम. पहिल्या वेळी मीठच टाकायचं विसरले आणि वाइन कडवट लागली, मला वाटलं झालं, हे काही जमत नाही. चिमूटभर मीठ भुरभुरवलं, परत घोट घेतला, आणि कडवटपणा गायब. मशरूमच्या उमामीने, म्हणजे त्या रश्श्यासारख्या भरीव चवीने, टॅनिन टोचायला लागतं आणि मिठाने मऊ पडतं, हे वाचून मला पटलं नसतं, जिभेवर पटलं.

तिखट सॉसचा प्रयोग एका घोटात संपवला. १४ टक्के अल्कोहोलने मिरचीची आग शमत नाही, भडकते. मासे ताटलीत घेतलेच नाहीत, कारण रेड वाइनमधलं लोह आणि मासे एकत्र आले की तोंडात हिमुस वास राहतो, २००९ साली जपानी संशोधकांनी हे दाखवलंय. आणि मिल्क चॉकलेट? ‘रेड वाइन आणि चॉकलेट’ ही जोडी कोणी जमवली देवजाणे, माझ्या मते फसवणूक आहे. चॉकलेटच्या गोडीपुढे वाइन आंबट, पातळ, चिडल्यासारखी लागते. गोडाबरोबर वाइन त्याहून गोड हवी, पोर्टसारखी गोड वाइन असेल तर गोष्ट वेगळी.

पुढच्या वेळी शिराझ, म्हणजे दुसरी एक रेड वाइन, आणणारे. तिच्यात मिरीचा वास येतो तो नुसता भास नाही, रोटंडोन नावाचा एकच पदार्थ काळ्या मिरीतही असतो आणि शिराझमध्येही, तेव्हा मिरी घासलेलं काहीतरी भाजून बघायचंय.

चेडार संपलं तेव्हा बाटलीत एक ग्लासभर उरली होती. ती मात्र नुसती प्यायले नाही. ब्रेडला बटर थापलं, वर जाडं मीठ टाकलं आणि मगच ओतली.