‘कमी झालेत’ म्हणजे नेमके किती?

इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसचं (काही खाद्यपदार्थांमुळे इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी अन्ननलिकेत जमून तिला सूज येते, तो आजार) निदान होऊन ज्यांनी नुकतंच पथ्य धरलंय, त्यांना आधी एकच सांगते: बायोप्सीच्या रिपोर्टवर इओसिनोफिल पेशींचा आकडा लिहून मागा. नुसत्या शब्दांवर भागवू देऊ नका. बाकीचं सगळं निभावतं.

माझी सुरुवात बहुतेकांसारखीच. घास छातीत अडकायचा, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट, सगळ्यांची जेवणं आटोपली तरी मी आपली ताटावरच. मग दुर्बिणीची तपासणी, अन्ननलिकेत कडी आणि उभ्या चिरा, बायोप्सीत पेशींची गर्दी. निरोगी अन्ननलिकेत या पेशी जवळपास नसतातच. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात १५ किंवा जास्त दिसल्या की या आजाराचा संशय पक्का होत जातो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी पुरेसं भागलं नाही. गिळायचं स्टेरॉइड की पथ्य, यात मी पथ्य निवडलं.

पथ्यात संशयित गट सहा: दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे व बदाम-काजूसारखी कठीण कवचाची फळं, मासे व कवचधारी जलचर. पूर्वी सरसकट सगळे बंद करून एकेक परत आणायचे. हल्ली बरेच डॉक्टर थोड्यापासून सुरू करतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत फक्त दूध सोडलेल्या प्रौढांपैकी ३४ टक्के आणि सहाही गट सोडलेल्यांपैकी ४० टक्के जणांच्या पेशी सहा आठवड्यांत १५ च्या खाली आल्या. हा फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. माझं दूध आणि गहू बंद झालं. त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची तपासणी आधीच करून ठेवली असेल तर तिच्यावर पथ्य बेतू नका. ही तात्काळ उठणारी ॲलर्जी नव्हे, त्यामुळे या आजारातला गुन्हेगार ती तपासणी भरवशाने पकडत नाही.

पथ्य नेटाने पाळलं, पुन्हा दुर्बीण झाली, रिपोर्ट आला. त्यात लिहिलेलं: ‘इओसिनोफिल आढळतात, आधीच्या तुलनेत कमी. लक्षणांशी पडताळून पाहावे.’ मी खुशीत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, “किती?”

त्या ‘किती’वर सगळंच अडलं. १५ च्या खाली असतील तर गहू परत सुरू करायचा, वर असतील तर अंडी आणि सोयाबीनही बंद. एकाच रिपोर्टमधून दोन उलट दिशांचे रस्ते निघत होते. आणि ‘लक्षणांशी पडताळा’ म्हणाल तर या आजारात लक्षणं आणि पेशी यांचं जमेलच असं नाही. मला तर घास अडकणं बंद झालं होतं. घरचे म्हणत, “आता गिळता येतंय ना? मग खा की!” एकदा तर मलाही ते पटायला लागलं होतं.

लॅबच्या खिडकीवर उत्तर मिळालं, “आमच्या फॉर्मॅटमध्ये आकडा नसतो.” मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नेली तर रिपोर्टवर सही झालीय, आता बदलता येत नाही. बदलू नका, पुरवणी जोडा म्हटलं, तर मॅडम आज नाहीत. फोन केला की “करून ठेवतो.” चिठ्ठी ट्रेमध्ये पडून, आणि मी ना धड पथ्यात पुढे, ना मागे. दूध-गहू सोडल्याचं मला काही वाटत नव्हतं, पण कशासाठी सोडून बसलेय हेच कळेना, याचा संताप व्हायचा. नवा पदार्थ सुरू करावा तर पुढच्या तपासणीत दोष कुणाचा हे कसं ठरणार?

शेवटी खिडकी सोडून मी थेट पॅथॉलॉजिस्ट बाईंना गाठलं. त्यांच्यापर्यंत चिठ्ठी पोचलीच नव्हती! स्लाइड जपून ठेवलेल्या असतात, त्यांनी काढायला लावल्या. दुसऱ्या नेत्रिकेतून मलाही पाहू दिलं: गुलाबी पार्श्वभूमीवर लालभडक दाण्यांनी भरलेल्या पेशी, आत दोन पाकळ्यांचं जांभळं केंद्रक. एका तुकड्यात एका क्षेत्रात चार. शेजारच्या तुकड्यात त्या मोजत गेल्या आणि २२ वर थांबल्या. हा आजार अन्ननलिकेत विखुरलेला असतो, म्हणून सरासरी काढत नाहीत, सर्वांत दाट जागेचा आकडा धरतात. ‘कमी झालेत’ हे खरंच होतं, पण २२ म्हणजे १५ च्या वरच. पाच मिनिटांचं काम!

मग अंडी आणि सोयाबीनही बंद केलं, आणि पुढच्या वेळी आकडा ३ आला. त्या वेळी तपासणीच्या मागणीपत्रावर डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलं होतं: किमान सहा तुकडे, दोन वेगळ्या पातळ्यांवरून, प्रत्येक पातळीचा सर्वाधिक आकडा द्यावा. खिडकीवर कुणी हूं की चूं केलं नाही. तुमच्याकडे जुना, आकडा नसलेला रिपोर्ट असेल तर स्लाइड परत मोजून मिळतात का ते विचारा. नव्याने दुर्बीण घालून घ्यायची घाई करू नका.

आठवलं म्हणून: आम्लाची गोळी चालू असेल तर पथ्याच्या चाचणीत तिचा डोस मनाने वाढवू-घटवू नका, तिनेही या पेशी कमी होऊ शकतात. लॅक्टोज काढलेलं दूध चालत नाही, कारण भांडण दुधातल्या प्रथिनांशी आहे. वेष्टणावर केसीन किंवा व्हे दिसलं की ठेवून द्या. ग्लुटेनमुक्त पदार्थांत दूध-अंडी असू शकतात. दूध बंद असताना कॅल्शियमचं काय, हे आहारतज्ज्ञांना विचारा. आणि घास अडकून थुंकीही गिळता येईना, तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.

गहू परत आणला, आकडा वाढला नाही. दुधाने वाढला, ते गेलं. सध्या अंड्याची पाळी आहे. परत आणलेला पदार्थ चाखण्यापुरता नको, नेहमीच्या प्रमाणात रोज खायचा, सहा ते आठ आठवडे. नाहीतर त्या दुर्बिणीला काही अर्थ उरत नाही.