चार दिवसांची राइड, एक उतार आणि १४ महिन्यांचं ब्रेक ऑइल

कालच परतलोय. मनगटं अजून सुजलेली आहेत, त्यामुळे सूर जरा चिडका लागला तर चालवून घ्या. पहिले दोन दिवस झकास गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते तिसऱ्या दिवशीच्या दुपारबद्दल. ब्रेक ऑइलच्या बाटलीवरचा उकळण्याच्या तापमानाचा मोठा आकडा बघून माझ्यासारखे निश्चिंत झालेले बरेच जण असणार, त्यांच्यासाठी.

गाडी म्हणजे ३०० सीसीची टू-स्ट्रोक बाइक. उतार सुमारे ४ किलोमीटरचा, सगळे सुटे दगड, मध्ये मध्ये पायरीसारखे खडक, आणि गाडी उभी करता येईल अशी सपाट जागा एकच. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिननं गाडी ओढून धरणं) नावापुरतंच असतं. सुट्या दगडांवर पुढचा ब्रेक दोन बोटांनी, तोही भीत भीत. म्हणजे सगळा भार मागच्या ब्रेकवर, आणि उजवा बूट जवळजवळ कायम पेडलवर.

अर्ध्यात पेडल पहिल्यांदा मऊ लागलं. वाटलं, पाय नीट बसला नसेल. पुढच्या वळणाला दाबलं तर ते थेट खाली गेलं आणि तिथेच राहिलं. पंप केलं, काही नाही. पुढचा ब्रेक जास्त दाबला तर चाक घसरायला लागलं. शेवटी गाडी चढाच्या अंगाला झुडपात घातली आणि आडवी केली. कोपर सोलवटलं, हँडगार्ड वाकला, एवढ्यावर निभावलं. तोंडातला पाण्याचा घोट डिस्कवर टाकला तर चर्र झालं. डिस्कच्या कडेला निळसर झाक आली होती.

खरी लबाडी पुढेच आहे. वीसेक मिनिटांनी पेडल दाबलं तर दगडासारखं कडक! कुठे गळती नाही, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. मागून आलेला मित्र म्हणाला, "अरे, सकाळी ओढ्यात गाडी बुडवलीस ना, पाणी शिरलं असेल." नाही. एका डुबकीत बंद सिस्टिममध्ये पाणी शिरत नाही. पाणी शिरतं ते गाडी घरी झाकून ठेवलेली असताना, हवेतली ओल बनून, होजच्या रबरातून, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून, महिनोन् महिने. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी; त्यातली डॉट ३, ४ आणि ५.१ ही तिन्ही ऑइलं ग्लायकॉल जातीची, ओल शोषून घेणारी. पाणी मुरलं की उकळण्याचं तापमान धपकन खाली येतं. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की ऑइल उकळून वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. थंड झालं की वाफेचं परत ऑइल, पेडल कडक, आणि आपण खूष.

घरून निघताना मी पेडल तपासलं होतं. कडक होतं. थंड गाडीवर तपासलेलं पेडल ऑइल उकळेल की नाही याबद्दल काहीही सांगत नाही, हे तिथे त्या झुडपात कळलं.

आता माझी चूक. १४ महिन्यांपूर्वी मी मोठ्या ऐटीत रेसिंगचं डॉट ४ घातलं होतं. बाटलीवर ३०० अंशांच्या वरचा आकडा. "हे घाल, मग बघायलाच नको," असं ज्यानं सांगितलं, त्याचं मी तिथे उतारावर मनापासून स्मरण केलं. तो आकडा ड्राय, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या ऑइलचा. आपल्याला बघायचा तो वेट, म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरचा. किमान मर्यादा लक्षात ठेवा: डॉट ३ ला ड्राय २०५, वेट १४०. डॉट ४ ला २३० आणि १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. सगळे अंश सेल्सिअस. रेसिंगचं ऑइल ताजं असताना उत्तमच असतं, पण ते दर काही राइडला बदलणाऱ्यांसाठी आहे. वर्षभर तसंच ठेवणार असाल तर त्या मोठ्या आकड्यासाठी पैसे घालवू नका. ताजं साधं डॉट ४ हे जुन्या रेसिंग ऑइलपेक्षा केव्हाही चांगलं.

मग घ्यायचं काय? मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या, टाकीच्या झाकणावर जे कोरलेलं आहे ते, किंवा त्याच जातीतलं वरचं. डॉट ४ लिहिलंय तिथे ५.१ चालतं. डॉट ५ चालत नाही! एका टपरीवजा वर्कशॉपवर मला डॉट ५ काढून दाखवलं, "सगळ्यात वरचा नंबर" म्हणून. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. ५ आणि ५.१ यांचा एकमेकांशी संबंध फक्त छापण्यापुरता. त्याच माणसानं मग अर्धी भरलेली, झाकणावर धूळ बसलेली डॉट ४ ची बाटली पुढे केली. तीही नको म्हटलं. ओल शोषणारी वस्तू उघड्या बाटलीतून घेणं म्हणजे जुनं ऑइल काढून जुनंच भरणं.

दुसरं, आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, पण हे ऑइल नव्हेच. ज्या गाड्यांचा क्लच हायड्रॉलिक आहे त्यांनी जास्त जपायचं. काही क्लच खरोखर मिनरल ऑइलवर चालतात, तर त्याच गाडीचा ब्रेक डॉटवर. हँडलच्या दोन बाजूंना दोन सारख्या दिसणाऱ्या टाक्या, आत दोन वेगळ्या वस्तू. अदलाबदल झाली तर सील फुगतात आणि काम वाढतं. टाकी पेट्रोलनं पुसणंही त्याच कारणासाठी नको.

रात्री मुक्कामी मागच्या ब्रेकचं ऑइल बदलायला बसलो. गटातल्या एकाच्या बॅगेत साध्या डॉट ४ ची सीलबंद बाटली निघाली, त्याचे उपकार. मागची टाकी इतकी छोटी असते की दोन-चार वेळा पेडल मारलं की रिकामी. पातळी कमीच्या खुणेखाली गेली की हवा आत, आणि मग पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे एकानं नुसतं टाकीकडे बघत ओतत राहायचं. आधी झाकणाभोवतीचा चिखल धुऊन कोरडा करा, मग उघडा. स्क्रू स्टारचे असतील तर पेचकसाच्या मुठीवर आधी एक टोला, नाहीतर डोकी गुळगुळीत होतात. माझं एक झालंच.

निपलवर (कॅलिपरवरचा, ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं. दाबा, दाबून धरा, निपल पाव फेरा सोडा, बंद करा, मगच पेडल सोडा. हा क्रम चुकला की नळीतली हवा मागे ओढली जाते. आधी चहासारखं काळपट ऑइल आलं, मग बारीक बुडबुडे, मग एकदम फिकट पिवळं. रंगावर मात्र जाऊ नका. फिकट ऑइलातही पाणी असू शकतं. कॅलिपर असा बसला असेल की निपल सगळ्यात वर येत नाही, तर तो काढून निपल वर करून धरा आणि पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा घाला, नाहीतर पिस्टन बाहेर येतील. निपल आवळताना ताकद दाखवू नका, बारीक असतो. गाडीच्या रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी, पुसत बसू नका.

पुढच्या ब्रेकला हँडल असं वळवा की टाकी सगळ्यात उंच राहील. लिव्हर तरीही मऊ लागला तर रबर बँडनं दाबून बांधा आणि झोपा. सकाळी बहुतेक वेळा फरक पडलेला असतो.

आणि हे वाचल्याशिवाय जाऊ नका, कारण निम्मा दोष याचाच होता. निघण्याआधी मी नवे बूट घेतले. घोट्यात वाकत नाहीत, म्हणून पेडल वर घेतलं. त्यानं वाढलेली ढिलाई पुशरॉड (पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यातली दांडी) फिरवून संपवली. सगळीच संपवली. पेडलला टोकाशी थोडी मोकळी चाल लागतेच, माझ्या गाडीला ३ ते ५ मिलिमीटर. ती नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद राहतं, तापून फुगलेलं ऑइल परत जाऊ शकत नाही आणि पॅड आपोआप डिस्कला घासत राहतात. घासून आणखी तापतं. म्हणजे मी पाय उचलला तरी ब्रेक लागलेलाच होता. तपासायचं कसं? दहा मिनिटं गाडी मारून या, मागचं चाक उचला, हातानं फिरवा. सहज फिरत नसेल तर राइडला जाऊ नका.

चौथ्या दिवशी परतीची वाट दुसऱ्या बाजूनं उतरत होती, तितकीच लांब, दगड जरा कमी. साधं डॉट ४, पेडलला चार मिलिमीटर चाल, आणि दर वळणाला पाय मुद्दाम पूर्ण उचलत आलो. पेडल खालपर्यंत एकसारखं. खाली पोचल्यावर मी इतका खूष होतो की आणखी एक फेरी मारायला निघालो होतो, बाकीच्यांनी धरून बसवलं.

बाटलीत निम्म्याहून जास्त ऑइल उरलं होतं. मित्राला परत द्यायला गेलो तर त्यानं हात मागे घेतला. "उघडलीस ना? आता तुझीच."