कियाप बंद, पॅड चालू

हजेरीच्या वहीत डोकं घालून बसले असले तरी मागे किक कोणी मारली ते मला कियापवरून कळतं. किकसोबत किंवा ठोशासोबत जी आरोळी द्यायची, ती कियाप. ती अमुकच शब्दात द्यावी असा तायक्वांदोत नियम नाही. नवीन पोरं सुरुवातीला माझीच नक्कल करून 'हय्या' म्हणतात. हिरव्या पट्ट्यापर्यंत येता येता ज्याचा त्याचा आवाज तयार होतो. आमच्याकडे एक 'हॅप' आहे, एक लांबलचक 'ईऽऽस' आहे, आणि पांढऱ्या पट्ट्याचा एक बारक्या आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेपासून 'हर्र' करतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत 'हर्र बोला हर्र' ऐकून आला आणि ते त्याच्या ठोशाला चिकटलं. मी बदलायला लावलं नाही. ठोसा लागताना श्वास बाहेर पडतोय ना, मग 'हर्र' काय वाईट?

आमचा क्लास अशोक चौकाच्या पुढे एका समाजमंदिरात भरतो. मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग. त्या खटखटाटात आमचं ओरडणं कुणाच्या कानावर येत नाही. पण मार्चातल्या त्या संध्याकाळी मागांना सुट्टी होती. वॉर्मअप संपवून पोरं किक मारायच्या पॅडवर आली, दोन-चार कियाप झाले, तेवढ्यात शेजारचे काका दारात.

"मॅडम, नातीचा उद्या दहावीचा गणिताचा पेपर आहे. मागाची खटखट सवयीची आहे ओ आम्हाला, तिच्यात झोपपण लागते. पण ही पोरं मधेच किंचाळली की पोरगी दचकायलीय."

हात जोडून सांगत होते बिचारे. म्हटलं, काका, आज एक आवाज येणार नाही.

पोरांना सांगितलं, कियाप बंद, पण श्वास बंद नाही. दातांमधून 'स्स' करून सोडायचा, आणि तोही किक लागेल तेव्हाच. कियापचं खरं काम एवढंच आहे. जोरात श्वास सोडला की पोटाचे स्नायू आवळले जातात, कंबर आणि धड एकसंध होतं, मग पायातली ताकद वाटेत सांडत नाही. १९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस या दोन संशोधकांनी कोपर वाकवण्याची ताकद मोजली होती. ओरडत जोर लावल्यावर ती सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास वाढलेली आढळली. त्यात आवाजाचा वाटा किती आणि श्वासाचा किती, हे पोरांना शिकवताना मी वेगळं करून सांगत बसत नाही.

"चारियोत! जुनबी! सिजाक!" सावधान, तयार, सुरू.

आणि हॉलमध्ये कधी नव्हे ते पॅडचे आवाज ऐकू यायला लागले.

एरवी कियापच्या गोंगाटात ते बुडून जातात. डोल्यो चागी, म्हणजे गोल फिरवून मारायची किक, पॅडवर नीट बसली तर कोरडा 'फाट' येतो. पायाची वरची बाजू सपाट बसलेली असते, पाय लागून लगेच मागे आलेला असतो. तीच किक नुसती ढकलली तर 'थप्प'. त्या दिवशी मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि फक्त फाट आणि थप्प मोजत राहिले.

आता भोंग्याचं सांगते. निळ्या पट्ट्याचा पोरगा, वर्गातला सगळ्यात मोठा आवाज, म्हणून हे नाव. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन जमाना झाला, या पोरांपैकी एकानेही ते ऐकलेले नाहीत, पण नाव बरोबर ठेवलंय. त्याची किक आली : थप्प. परत थप्प. कियाप असताना तीच किक कशी दणदणीत वाटायची! खरं तर तो आधी किक मारतो आणि मग ओरडतो. मोबाईलवर मोठ्या स्पर्धा बघतो, तिथले खेळाडू पॉइंटनंतर मूठ वर करून ओरडतात, ते उचललंय त्याने. लंडन २०१२ पासून ऑलिंपिकमध्येही होगूत, म्हणजे छाती-पोटावरच्या कवचात, सेन्सर आलेत. किकचा गुण ते मोजतात, ते ओरडण्याला भुलत नाहीत. ठोशाचा गुण अजून पंच बटण दाबून देतात, तिथे आवाजाचा थोडा उपयोग होत असेल. भोंगा ठोसा क्वचितच मारतो.

त्याच्या शेजारी पिवळ्या पट्ट्याची मुलगी होती. घर मागांच्या वरच्या मजल्यावर, घरात सगळे मोठ्याने बोलणारे, आणि हिचा कियाप मात्र उचकी लागल्यासारखा, 'हित्'. पोरं हसतात तिला. तिचा पॅड 'फाट' वाजला. दुसऱ्यांदाही फाट. कियाप असो नसो, तिच्या किकमध्ये तसूभर फरक नव्हता. भोंग्याने वळून बघितलं. "हिचा पॅड वेगळाय का ओ मॅडम?" पॅड बदलून दिला. मग त्याने परत विचारलं नाही.

सामन्यांच्या सरावात मात्र गंमत संपली. एका पोराने गप्प राहायचं म्हणून श्वासच धरून ठेवला आणि नेमकी होगूवर किक खाल्ली. पोट ढिलं, श्वास कोंडलेला. मटकन खाली बसला, तोंड उघडं आणि हवा आत जाईना. मार मोठा नव्हता, मिनिटभरात सावरला, पण तेवढ्यापुरते डोळे पांढरे झाले होते. सामने तिथेच थांबवले.

शेवटी तेगुक इल जांग घेतला, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा पहिला संच. अठरा हालचाली, आणि कियाप फक्त अठराव्या ठोशाला. आख्खी रांग सतराव्यापर्यंत एका तालात आली. अठराव्याला सगळ्यांची तोंडं उघडली, आवाज नाही, आणि रांग फुटली. कुणाचा ठोसा आधी, कुणाचा नंतर, दोघं-तिघं खो-खो हसत सुटली. बारक्याकडून बारीकसं 'हर्र' निसटलंच.

त्या दिवसापासून पहिल्या दहा किक बिनआवाजी, हा नियमच केला. कियाप त्यानंतर. भोंगा आठवडाभर फुगून होता. मग एका संध्याकाळी त्याची आई आली.

"मॅडम, पोरगा घरी आरशासमोर उभा राहून नुसतं फुसफुस करायलाय. आधी तरी ओरडायचा. काय झालंय काय त्याला?"

मी श्वासाचं सगळं समजावून सांगितलं, पोटाला हात लावून दाखवलं. त्यांना काही पटलं नाही. फी मात्र भरून गेल्या.