सायलेन्सरचा स्टड

टक्! बारीक आवाज आला आणि हातातला पाना एकदम हलका झाला. सायलेन्सरचा स्टड, म्हणजे त्याला इंजिनाशी आवळून धरणारा आट्यांचा दांडा, हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटला. काम खरं तर गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, बदलण्यापुरतंच होतं.

मिस्त्रींनी बॅटरी मारून पाहिलं. तुटलेल्या टोकाला कडेनं तपकिरी गंज, मधोमध चकचकीत धातूचा एवढासा ठिपका. "हा आधीच गेलेला होता. तुमच्या हातात फक्त उरलेला तुटला."

स्टड स्टीलचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. उष्णता आणि ओल मिळून वर्षानुवर्षं दोघांना जखडतात. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून आता हेड तापवून पकड सैल होते का बघायचं. नाहीच निघाला तर ड्रिल.

जुन्या गाडीचं हे असंच. बिघाड कधीचाच झालेला असतो, कळतो पाना लावल्यावर.

शेजारचा स्टडही तितकाच गंजलाय. त्याला हात लावावा का?