बासूनच्या पहिल्या वर्गाच्या गल्लीत

बॉन नूव्हेल स्टेशनातून वर आलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. पॅरिसमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस सहसा या भागात येत नाही. मला मात्र रू बेर्जेरवरून उजवीकडे वळून रू द्यु कॉन्झर्वातोआर या छोट्या रस्त्यावर जायचं होतं. फ्रान्सने बासून हा शाळेत शिकवायचा विषय ठरवला, तो इथे.

बासून म्हणजे वाद्यवृंदातलं उंच लाकडी वाद्य. सनईसारखीच दुहेरी पत्ती, आणि सनईवाल्यासारखंच वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची. आवाज मात्र खर्जातला. मला हा आवाज फार आवडतो, आणि त्याच्या शिक्षणाची सुरुवात राजदरबारात नव्हे तर रस्त्यावर झाली, हे कळल्यापासून जास्तच.

इथे पूर्वी मेन्यु-प्लेझिर, म्हणजे राजाच्या करमणुकीचं खातं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर बेर्नार सारेत या तरुणाने नॅशनल गार्ड या नागरिकांच्या दलासाठी वादकांचं पथक जमवलं. त्यांच्यासाठी 1792 मध्ये मोफत संगीतशाळा निघाली आणि 3 ऑगस्ट 1795 च्या कायद्याने तिचं कॉन्झर्वातोआर, म्हणजे सरकारी संगीतविद्यालय झालं. कायद्यात 115 कलावंतांची तरतूद होती. शिक्षकांची वाटणी पाहा: क्लॅरिनेटला 19, बासूनला 12, व्हायोलिनला फक्त 8! क्रांतीचे उत्सव उघड्या मैदानांत, हजारोंच्या गर्दीत व्हायचे. तिथे तारांचा आवाज विरून जातो, फुंकीचा टिकतो. शिवाय त्या सुरांना खालून आधार देणारं कुणीतरी लागतंच. सणांची गरज ओसरली तशी 1802 मध्ये शिक्षकांची मोठी कपात झाली, पण तोवर बासूनचं शिक्षण रुजलं होतं.

ते रुजवणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव एत्येन ओझी याचं. जन्म 1754, गाव दक्षिणेतलं नीम. पहिल्या शिक्षकांपैकी तो एक, आणि 1803 चं शाळेचं अधिकृत बासूनपुस्तकही त्याचंच. तोवर ही विद्या बहुतेक गुरूच्या शेजारी बसूनच मिळायची. ओझीने ती कागदावर उतरवली: सात चाव्यांच्या बासूनवर बोटं कुठे ठेवावीत, ओठांची पकड कशी असावी, इतकंच काय, पत्ती स्वतः कशी कोरावी. त्याने पत्तीचं गुपित झाकून ठेवलं नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

मग पिढ्या सुरू झाल्या. ओझीचा शिष्य देल्कांब्र इथेच शिकवू लागला. फ्राँस्वा दव्हिएन बासूनही उत्तम वाजवायचा, पण कॉन्झर्वातोआरमध्ये तो बासरीचा शिक्षक होता. त्याचा शिष्य गेबाउअर पुढे बासूनच्या वर्गावर आला, आणि गेबाउअरचा शिष्य ओजेन जांकूर 1875 ते 1891 इथे शिकवत होता.

रस्त्यावरच्या 2 बिस क्रमांकाच्या इमारतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. आता इथे नाट्यशिक्षण चालतं. संगीतशाळा 1911 मध्येच हलली. आतलं सभागृह 1811 चं, म्हणजे ओझीच्या हयातीतलं. तो 1813 मध्ये गेला. याच सभागृहात 5 डिसेंबर 1830 रोजी संगीतकार बर्लिओझची 'सिंफनी फांतास्तीक' पहिल्यांदा वाजली. तिच्यात बासून दोन नव्हेत, चार आहेत. वधस्तंभाकडे नेणाऱ्या कूचमध्ये ती जी धावती ओळ वाजवतात, ती माझ्या डोक्यात सकाळपासून घोळत होती.

जवळच सेंट सेसिलियाच्या नावाचं चर्च आहे. ती संगीतकारांची संत, आणि कॉन्झर्वातोआर शेजारी होतं म्हणूनच ते नाव. आत बाकावर बसून फोनवर ओझीच्या पुस्तकाची पानं उघडली. छोट्या सोनाटांमध्ये दोन ओळी आहेत: वरची एका बासूनची, खालची साथीला दुसऱ्या बासूनची. वरची शिष्याची, खालची गुरूची, असं मी मनाशी धरलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी खालची ओळ हळू आवाजात शेवटपर्यंत म्हणून पाहिली.