काटा तोच, अंग मात्र आटलेलं

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, आणि सुरुवातीला व शेवटी काटा. टेक्निशियन विचारतात, "काकू, आज किती काढायचं?" म्हणजे अंगातलं पाणी. माझं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन, ५६ किलो ठरलेलं होतं आणि मशीन बंद झाल्यावर काटा बरोबर ५६ वर यायचा. फाईलवर सगळं ठीक दिसत होतं.

पण उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. (डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली रक्तवाहिनी, तिथे बांगडी घालायचीच नाही.) ब्लाउजच्या बाह्यांना मुलीने आतून टीप मारून दिली, तरी ढगळच. खाली बसलं की उठायला आधार लागे. दुसरीकडे सकाळी डोळ्यांखाली सूज, रात्री आडवं झालं की धाप, आणि गोळ्या वाढवूनही बीपी चढलेलं.

हे सगळं मी नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, सांगितलं. त्यांनी माझा दंड चाचपून पाहिला. म्हणाले, "मांस गेलंय आणि त्याच्या जागी पाणी भरलंय. काट्याला दोन्ही सारखंच." ड्राय वेट हळूहळू ५३ वर आणलं. एकदम ओढलं असतं तर पायात गोळे आले असते, बीपी कोसळलं असतं. धाप थांबली, बीपीची एक गोळीही कमी झाली.

मांस का गेलं? कारण जेवणच जात नव्हतं. दोन घासांत पोट भरायचं, मटणाच्या वासाने मळमळायचं, तोंडाला लोखंडासारखी चव. "हट्ट सोड आणि खा," हे मी नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलं की ताटावर बसायचीच धास्ती वाटू लागली. म्हणून डॉक्टरांनी पुढे जे समजावलं ते मला औषधाइतकं मोलाचं वाटतं.

जठरात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. त्याची दोन रूपं असतात. एक भूक लावतं, दुसरं उलट भूक मारतं, आणि किडनी निकामी झाली की हे दुसरं रक्तात साठत जातं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन मेंदूला 'आता पुरे' सांगतं. तेही एरवी किडनीच निकालात काढते. युरिया, क्रिएटिनिन यांचे कण लहान, ते डायलिसिसच्या जाळीतून निघून जातात. लेप्टिनचा कण मोठा, तो नेहमीच्या जाळीतून नीट निघत नाही. शिवाय रक्तातलं आम्ल आणि शरीरातला दाह स्नायू झिजवतात ते वेगळंच. घ्रेलिनची इंजेक्शनं देऊन छोटे अभ्यास झालेत, त्यात रुग्ण जास्त जेवले. पण ते अजून रोजच्या उपचारात नाही.

मग हातात काय होतं? डायलिसिसचे पूर्ण चार तास न चुकता घेणं, आम्लासाठी सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या, आणि आहाराचा नवा कागद. जुना कागद डायलिसिसच्या आधीचा, त्यात डाळ-अंडं जवळपास बंद. डायलिसिस सुरू झाल्यावर गणित उलटतं: वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, कारण प्रत्येक बैठकीत काही ग्रॅम अमिनो आम्लं पाण्याबरोबर निघून जातात. हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कितीतरी घरांत तो जुना कागद अजून फ्रीजवर चिकटलेला असेल.

अंड्याचा पांढरा भाग मला मानवला. एकात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नगण्य. उकडून, वर मिरपूड आणि लिंबाचे दोन थेंब. मिठाची आठवण येत नाही. पोटॅशियम कमी करायला भाजी चिरून उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. ताक दिवसाच्या मोजक्या पाण्याच्या हिशेबात जातं म्हणून वाटीभर घट्ट दही. भूक सकाळी नसते, दुपारी चारच्या सुमारास थोडी लागते. मुख्य जेवण मी त्याच वेळेला नेलं, आणि जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी त्या घासांबरोबरच.

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.१ वरून ३.७ झालंय. ड्राय वेट परवा ५४ केलं, या वेळी पायाला सूज नसताना. महिन्याच्या तपासणीला आता डॉक्टर दंडाचा घेरही टेपने मोजतात.