चौथ्या तासात मध्यबिंदू नव्हता

दहावीच्या घटक चाचणीत मध्यबिंदूचं गणित चुकलं, ते मला फार लागलं. रेषाखंडाची टोकं होती (३, २) आणि (११, ८). ११ मधून ३ गेले, निम्मे ४. ८ मधून २ गेले, निम्मे ३. मी (४, ३) लिहून मोकळी झाले. सूत्रात बेरीज आहे हे वहीत सापडलं, पण बेरीजच का? मधलं काढायचं तर अंतरच निम्मं करायला पाहिजे ना!

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू. बाबांनी पऱ्हाटी (कपाशी) चौफुलीवर टोबली होती, म्हणजे ओळी आणि झाडं सारख्याच अंतरावर, आडवा-उभा दोन्हीकडून डवरा (कोळपं) चालावा म्हणून. तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीत धुऱ्यावर (बांधावर) उभी होते, तेव्हा समोर आलेखाचा कागदच पसरलेला दिसला. धुऱ्याचा कोपरा आरंभबिंदू धरला. तिसऱ्या तासातल्या, म्हणजे ओळीतल्या, दुसऱ्या झाडाला एक चिंधी बांधली, अकराव्या तासातल्या आठव्या झाडाला दुसरी. मग माझ्या उत्तराच्या झाडापाशी गेले: चौथा तास, तिसरं झाड.

बाबा म्हणाले, "हे मधी आहे का बाई? तू त पहिल्या चिंधीपाशीच उभी हायेस."

"चार तास मोजले ना, बाबा."

"मोजले, पण कुठून? धुऱ्यापासून. चिंधीपासून मोज."

चिंधीपासून चार तास पुढे, म्हणजे ३ + ४ = ७. झाडं २ + ३ = ५. काडीनं मातीत मांडलं: ३ मध्ये (११ − ३) चे निम्मे मिळवले की (३ + ११) चे निम्मेच उरतात. बेरीज इथून येते! अंतराच्या सूत्रानं तपासलं, तर (७, ५) पासून दोन्ही चिंध्या ५-५ वर. १६ + ९ = २५, दोन्हीकडे तेच.

शेजारच्या वावरात तास एकमेकांपासून लांब आणि झाडं जवळ आहेत. तिथंही मोजून पाहिलं. सातव्या तासातलं पाचवंच झाड मधलं निघालं, कारण तास वेगळे निम्मे होतात, झाडं वेगळी. धुऱ्याच्या अलीकडचे तास आणि झाडं उणे धरली, तरी रीत तीच: (−४, ५) आणि (६, −३) यांचा मध्य (१, १).

घरी निघताना बाबांनी उलटं विचारलं. एक चिंधी (२, १) वर, मधलं झाड (५, ३), तर दुसरी चिंधी कुठं? मी पहिल्या चिंधीपासून मधल्या झाडापर्यंत चालले. तीन तास, दोन झाडं. तेवढीच आणखी पुढे गेले आणि आठव्या तासातल्या पाचव्या झाडाला हात लावला.